पाखरं पळवायचं सोलर मशीन: तिसऱ्या दिवशी दिलेले पाच स्टार परत घेतोय

आधी माफी मागतो. याच मशीनला मी तिसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन "एकदम कडक, वावरात एक पाखरू नाही" असं लिहून टाकलं होतं, अन ते वाचून आमच्याच शिवारातल्या दोघांनी ऑर्डर केलं, आता ते दोघं टपरीवर मला पाहिलं की मुद्दाम कुत्र्यासारखं भुंकतात, काहून भुंकतात ते पुढं कळेल. तर हा दुरुस्त रिव्ह्यू, दीड महिना वापरल्यानंतरचा.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. खरिपात कपाशी-तूर, अन यंदा विहिरीला पाणी टिकलं म्हणून दोन एकर हरभरा अन घरच्या भाकरीपुरती अर्धा एकर ज्वारी टाकली. गोची तिथंच झाली. आमच्या लहानपणी अख्खं शिवार ज्वारीचं असायचं, पाखरं सगळ्यांच्या वावरात थोडं थोडं खायची, कोणाला तेवढं जाणवायचं नाही. आता सगळीकडं सोयाबीन अन कपाशी, ज्वारीवाला मी एकटा, म्हणजे चार गावच्या पोपटांना पंगतीचं आवतन माझ्याच धुऱ्यावर. अन पोपट नीट खात असता तरी काही वाटलं नसतं बाप्पा, तो कणीस तोडतो, चार दाणे खातो, खाली टाकतो अन दुसऱ्याकडं जातो, लग्नातल्या बुफेसारखं.

बाबा म्हणाले मी मचाणावर बसतो गोफण घेऊन. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, मी म्हटलं कशाला, आता मशीन भेटते. ३,४५० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं दहा एकर कव्हर, सोलर चार्जिंग, आठ प्रकारचे आवाज, अल्ट्रासॉनिक मोड, 'पक्षी परत येणार नाहीत'. आमच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाही, म्हणून तालुक्याला भाच्याच्या पत्त्यावर मागवलं अन चौदा किलोमीटर जाऊन घेऊन आलो, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी, गाडीवर एका बाजूला मशीन अन दुसऱ्या बाजूला वांगे. खोक्यात मशीन, वरती बसवायचं छोटं पॅनल, सहा फुटी लोखंडी पाइप, क्लॅम्प, अन चार बोल्ट पाहिजे तिथं तीन. माहितीपत्रक इंग्रजीत, अक्षर इतकं बारीक की पोरीनं मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचलं.

पहिले चार दिवस काय सांगू, मजाच मजा. दर दहा मिनिटांनी मशीन बोंबलायचं, आधी कुत्रं भुंकणार, मग कसला तरी बाज किंचाळणार, मग बंदुकीचे तीन बार, मग पत्र्यावर काठी मारल्यासारखं काहीतरी, असे आठ. पोपटांचा थवा असा उठायचा की हिरवी चादर झटकली. मी घरी बसून चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी पाच स्टार दिले. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, परत करायची मुदत सात दिवसांची आहे, अन पाखरांना मशीन कळायला लागतात पाच ते नऊ दिवस. हा हिशोब कंपनीनं मुद्दाम केला की कावळा बसायला अन फांदी तुटायला एकच गाठ पडली, ते मला माहीत नाही.

कावळ्यावरून आठवलं, सुरुवात त्यानंच केली. पहिले दोन दिवस दोन गावकावळे धुऱ्यावरच्या बोरीवर नुसते बसून होते. खात नाहीत, ओरडत नाहीत, मान वाकडी करून मशीनकडं पाहतात, जसं गावात नवीन माणूस आला की पारावरचे म्हातारे पाहतात. तिसऱ्या दिवशी मशीनपासून वीसेक पावलांवर खाली उतरले. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तर एक साहेब चक्क पॅनलवर. म्हटलं आता बंदूक वाजू दे, मग पाहू. बंदूक वाजली. कावळा जागच्या जागी एवढीशी उडी मारून परत तिथंच बसला, चोच पॅनलच्या कडेला दोनदा घासली, अन माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर ती त्याची रोजची जागा झाली, सकाळचं ऊन त्या काळ्या काचेवर चांगलं लागत असेल. अन कावळा बसला म्हणजे खाली काय पडणार ते सांगायला नको, आठवड्याभरात अर्धं पॅनल पांढरं, चार्जिंग होईना, दुपारी तीननंतर मशीनचा आवाज घसा बसल्यासारखा. पितरांच्या घासाला हाका मारून मारून याचा पत्ता नसतो, अन इथं बिनाबोलावता हजर.

एवढ्यावर थांबला नाही. स्पीकरच्या कडेनं काळ्या स्पंजची पट्टी आहे, पाणी आत जाऊ नये म्हणून, ती तो रोज थोडी थोडी ओढायचा. एका टोकाला धरून ओढ, सुटली नाही की दुसऱ्या बाजूनं ये, पायानं दाबून धर, परत ओढ. मी मचाणाच्या खांबाआडून पाहत होतो, त्याला ना खायचं होतं ना खोपा करायचा होता, तो महिनाही खोप्याचा नाही. नुसतं हे काय आहे ते पाहायचं होतं. अशी सवय पोरात दिसली की आपण म्हणतो हुशार आहे, कावळ्यात दिसली की वांड.

आता पोपटांचं. माझी पोरगी सातवीत आहे, तिनं मागच्या वर्षीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर नोंदी केल्या, तारीख, आवाज कोणता, थवा उठला की नाही, किती वेळात परत आला. ते पान पाहिलं अन माझं डोकंच भणभणलं. दुसऱ्या दिवशी कोणत्याही आवाजाला थवा उठून पार नाल्यापलीकडं. पाचव्या दिवशी बाभळीवर जाऊन दोन मिनिटांत परत. सातव्या दिवशी कुत्र्याला उठतात पण बाजाला उठत नाहीत. नवव्या दिवशी एकाही आवाजाला मान वर नाही. अन त्याच वहीत तिनं खाली लिहिलं होतं, 'आवाजाचा नंबर रोज तोच आहे'. मी जाऊन तपासलं. मागं 'रँडम' नावाचं बटण आहे, ते चालू असो की बंद, आधी कुत्रा, मग बाज, मग बंदूक, मग पत्रा. सातवीतल्या पोरीला नऊ दिवसात जे कळलं ते पाखरांनाही कळलं, ज्यानं मशीन बनवलं त्याला नाही कळलं.

कस्टमर केअरला फोन लावला. पोरगा बोलायला चांगला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "सर, थोडे दिवस थांबा, पक्ष्यांना सवय होऊ द्या." म्हटलं दादा, सवयच तर झाली ना!

अल्ट्रासॉनिक मोडचं वेगळं सांगतो, कारण दोघा-तिघांनी त्याच्यासाठीच घ्यायचं का विचारलं. हे वाचा अन पैसे वाचवा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्याच्यावरचा तो अल्ट्रासॉनिक. बहुतेक पाखरांचं ऐकणं आठ-दहा हजारांच्या आसपासच संपतं, म्हणजे जे आपल्यालाच ऐकू येत नाही ते त्यांना तर मुळीच येत नाही. ऐकू येतं कोणाला, तर कुत्र्याला, त्याचे कान ४० हजारांच्याही वर जातात. मी तो मोड तीन रात्री चालू ठेवला, रानडुकरं तरी येणार नाहीत या आशेनं. डुकरं आली अन धुऱ्याजवळचा हरभरा उकरून गेली. आमचा शेरू मात्र, जो पाच वर्षांपासून माझ्यासोबत जागलीला येतो, तो पहिल्याच रात्री कान पाडून घरी निघून गेला अन नंतर त्या कोपऱ्याकडं फिरकला नाही. म्हणजे ३,४५० रुपये देऊन मी माझा राखणदारच पळवला. टपरीवरचे भुंकतात ते यावरून.

मग मी रात्री मोबाइलवर हेच वाचत बसलो, पाखरांना डोकं असतं तरी किती. शाळेत तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली, खडे टाकून पाणी वर आणलं ती. ती खरी करून पाहिली लोकांनी. इंग्लंडमध्ये केंब्रिजला २००९ मध्ये रूक नावाच्या, म्हणजे तिकडच्या एका जातीच्या कावळ्यांपुढं काचेची नळी ठेवली, आत अर्धवट पाणी अन पाण्यावर तरंगती अळी, बाजूला दगडं. त्यांनी दगडं टाकून पाणी वर आणून अळी खाल्ली, अन लहान-मोठे दगड ठेवले तर मोठे आधी उचलले. नंतर दुसऱ्या जातीच्या कावळ्यांवर केलं तर त्यांनी तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या निवडल्या, अन वाळू भरलेल्या नळीपेक्षा पाण्याची नळी पसंत केली. हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "हे तं मले दुसरीत शिकवलं होतं, याच्यात नवीन काय?"

ती दुसरी जात म्हणजे न्यू कॅलेडोनियातली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक समुद्रात फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे, तिथले कावळे लाकडाच्या भोकातल्या अळ्या काढायला काडीला आकडा करतात. आपण बोरं पाडायला काठीला आकडी बांधतो ना, तेच, फक्त चोचीनं. केवड्याच्या भाऊबंदातलं एक झाड तिथं आहे, त्याच्या काटेरी पानाची कड ते पायरीपायरीनं कापून काढतात, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती, अन काटे असे ठेवतात की अळी अडकून बाहेर यावी. गॅविन हंट नावाच्या माणसानं १९९६ ला हे जगापुढं मांडलं. मग २००२ मध्ये ऑक्सफर्डला बेटी नावाच्या कावळीनं कमाल केली, नळीच्या तळाशी खाऊची छोटी बादली, अन तिच्याकडं फक्त सरळ तार. तिनं तारेचं टोक अडकवून वाकवलं, आकडा केला, बादली वर ओढली. पुढं कळलं की जंगलातले तिचे भाऊबंदही काड्या अशा वाकवतात, म्हणजे तिनं सगळं हवेतून नाही काढलं, पण तार काही तिच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती.

आपला गावकावळा आकडे करतो असं मी म्हणत नाही, नाहीतर कोणीतरी भांडायला येईल. पण आमच्या गोठ्याबाहेरच्या ढोराच्या टाक्यावर रोज सकाळी एक येतो, काल रात्रीचा भाकरीचा वाळका तुकडा कुठूनतरी आणतो, पाण्यात टाकतो, थांबतो, चोचीनं उलटा करतो, परत थांबतो, अन मऊ पडला की काढून खातो. घाई केली तर तुकडा फुटून पाण्यात जातो, तसं एकदा झालं, पुढच्या वेळेस त्यानं तो टाक्याच्या कडेला ठेवून अर्धाच भिजवला. आमच्या घरात चहात टोस्ट बुडवून तुटू न देणारा एकही माणूस नाही.

अन डोकं केवढं, अक्रोडापेक्षा लहान. पण २०१६ मध्ये मोजून दाखवलं आहे की पोपट अन गाणारी पाखरं, म्हणजे कावळेही त्यातच धरतात, यांच्या मेंदूत पेशी इतक्या दाट असतात की तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा सरासरी दुप्पट. म्हणजे डबा लहान पण भरलेला ठासून.

बाबांचा मुद्दा वेगळाच होता अन तो मला सगळ्यात पटला. ते म्हणाले, "तू मशीनले पाहतं, पाखरू तुले पाहते." मी म्हटलं म्हणजे? म्हणाले उद्या सकाळी चाल. सकाळी ते फावडं खांद्यावर घेऊन धुऱ्यानं गेले, कावळे हलले नाहीत, पोपट हलले नाहीत. परत आले, फावडं ठेवलं, गोफण घेतली, दगड लावला नाही, हात वर केला नाही, नुसती हातात लोंबती गोफण घेऊन त्याच वाटेनं गेले, बोरीवरचे दोन्ही कावळे काव काव करत पार उठून गेले अन त्यांचं ऐकून पोपटही. मग मी तीच गोफण घेऊन गेलो. कोणी विचारलं नाही. मला नेम येत नाही हे अख्ख्या शिवारात कावळ्यांनाही माहीत आहे, लाज वाटली राव.

याच्यावरही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत सिॲटलला जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये एक रानटी माणसाचा मुखवटा घालून विद्यापीठाच्या आवारात सात कावळे पकडले, पट्ट्या लावून सोडून दिले. नंतर कोणीही तो मुखवटा घालून फिरलं की कावळे मागं लागून कलकलाट करायचे, दुसरा मुखवटा घातला तर शांत. अन नुसते पकडलेले नाही, ज्यांना कधी हात लागला नव्हता ते अन नंतर जन्मलेले पिल्लंही, कित्येक वर्षं. म्हणजे चेहरा ध्यानात ठेवला अन पोरांना सांगून ठेवला. आमच्याकडंही दोन घरचे भांडण असंच चालते, कशावरून सुरू झालं ते पोरांना माहीत नसते, तोंड मात्र ओळखतात.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबण लावलं. कोतवाल. काळं, दुभंगलेल्या शेपटीचं पाखरू, तारेवर बसतं, कावळ्याच्या अन घारीच्याही पाठी लागून टोचतं. हरभऱ्यावर घाटेअळी येते म्हणून कृषी सहायकांनी सांगितलं होतं वावरात पक्षी थांबे लावा, मी इंग्रजी टी सारख्या काड्या रोवल्या, हरभऱ्यात मधे मधे ज्वारीची ताटंही उभी होती, कोतवाल अन साळुंक्या त्याच्यावर येऊन बसायचे अन खाली झेप घेऊन अळ्या उचलायचे. फुकट फवारणी. अन मी काय केलं, त्याच वावरात पाखरं पळवायचं मशीन लावलं. एका हातानं या म्हणायचं अन दुसऱ्या हातानं हाकलायचं. हे माझ्या ध्यानात आलं नाही, बायकोच्या आलं. ती घाटे पाहत होती, म्हणाली, "अहो, अळी वाढली यंदा, अन ते काळं पाखरू दिसत नाही आठ दिवस झाले." पहिल्या चार दिवसांत जे पळाले त्यात माझेच गडी होते. पोपट नवव्या दिवशी परत, कोतवाल यायला पंधरा-सोळा दिवस लागले, तेवढ्यात अळीनं आपलं काम केलं, एक फवारणी जास्तीची पडली. तिचा खर्च मशीनच्या किमतीत धरा.

पण कोतवालाची गंमत अशी की तो स्वतःच एक मशीन आहे, अन याच्यापेक्षा लय भारी. तो शिक्र्याचा आवाज काढतो. शिक्रा म्हणजे आपल्याकडचा छोटा शिकारी पक्षी, त्याच्या आवाजानं साळुंक्या घाबरून उडतात अन त्यांनी काढलेला किडा हा उचलतो, अशा नोंदी अभ्यासकांनी केलेल्या आहेत. मी स्वतः पाहिलं, पाणी देताना पाटाच्या कडेला साळुंक्या चरत होत्या, कुठूनतरी शिक्रा ओरडला, साळुंक्या भुर्र, अन थांब्यावरनं कोतवाल खाली. शिक्रा मला काही कुठं दिसला नाही. आधी वाटलं गेला असेल उडून. दुसऱ्यांदा झालं तेव्हा कळलं हा लबाड आहे.

त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ तर पीएचडीच आहे. कालाहारी वाळवंटात टॉम फ्लॉवर नावाच्या संशोधकानं वर्षानुवर्षं त्यांच्या मागं फिरून पाहिलं. तिथला कोतवाल मीरकॅट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या अन दुसऱ्या पाखरांच्या टोळीवर पहारा ठेवतो, बहुतेक वेळा खरा धोका आला की खरंच ओरडतो, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास. अन मधेच कोणी जाडजूड अळी काढली की खोटंच ओरडतो, ते पळतात, हा खातो. त्याच्या खाण्यातला साधारण २३ टक्के माल असा चोरीचा. आता महत्त्वाचं ऐका, २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की एकच खोटी हाक सारखी मारली की समोरचे ऐकेनासे होतात, हे कोतवालाला समजतं, अन मग तो हाक बदलतो. कधी स्वतःची, कधी त्या प्राण्याची, कधी तिसऱ्याच पाखराची. तिथल्या सगळ्या कोतवालांच्या मिळून अशा पन्नासच्या आसपास हाका नोंदल्या आहेत.

वाचून मी खाटेवर उठून बसलो. माझ्या मशीनमध्ये आठ आवाज, नंबर ठरलेला, वेळ ठरलेली, समोर पाखरू आहे की नाही याचा पत्ता नाही, रिकाम्या वावरातही भुंकणार. मूठभर पाखराला जे जमतं ते यात टाकायला काय खर्च येत होता? शिवाय त्यातला बाजाचा आवाज आपल्याकडचा नाहीच, लांबलचक घोगरी किंकाळी आहे, सिनेमात डोंगर दाखवताना वाजवतात तशी. आमच्या शिवारातल्या पोपटाच्या सात पिढ्यांत तो पक्षी कोणी पाहिला नसेल. आधी दचकले ते नवीन आवाज म्हणून, बाज म्हणून नव्हे.

पोपटालाही कमी समजू नका, तो नुसता मिठू मिठू करणारा नाही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या बाईंनी १९७७ मध्ये दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन राखी पोपट घेतला अन २००७ मध्ये तो मरेपर्यंत शिकवलं, त्याला शंभरावर शब्द येत होते, रंग विचारा, आकार विचारा, सहापर्यंत मोजायचा. ऑस्ट्रियात २०१२ मध्ये फिगारो नावाच्या काकाकुव्यानं तर पिंजऱ्याच्या लाकडातून चोचीनं ढलपी काढून बाहेरचं काजूसारखं फळ आत ओढलं, कोणी शिकवलं नव्हतं. हे वाचून घरी पोपट आणायची पोरीची इच्छा झाली, तिला सांगितलं आपल्याकडचे पोपट पकडणं-पाळणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. म्हणाली मग ते आपली ज्वारी खातात तो गुन्हा नाही का? त्याला काही उत्तर नव्हतं.

बरं, ज्यांनी घेऊन ठेवलं आहे त्यांच्यासाठी. टायमर पूर्ण बंद करा. वर छोटं लाल बटण आहे, ते दाबलं की पुढचा आवाज वाजतो अन तीनदा पटापट दाबलं की मधले गाळून चौथ्यावर जातं, माहितीपत्रकात हे नाही, पोरीनं शोधलं. कोणीतरी वावरात असेल तेव्हाच, थवा खरंच उतरायला लागला की हातानं वाजवा अन दरवेळी वेगळं. मशीन एका जागी दोन दिवसांवर ठेवू नका. आवाजासोबत खरंच काहीतरी घडलं पाहिजे, आम्ही बंदूक वाजली की लगेच बाबांच्या गोफणीचा एक दगड थव्याच्या बाजूला सोडायचा असं केलं, चार दिवसांत नुसत्या बंदुकीला परत उठायला लागले. चमकीची पट्टी बांधत असाल तर तीही जागा बदलत राहा. पॅनलच्या वरच्या कडेला बारीक तार आडवी बांधली तर कावळ्याला बसायला जमत नाही, तरी तो प्रयत्न करतो, पंख फडफडवत तारेवरच तोल सांभाळतो, पण टिकत नाही. हरभऱ्याजवळ तर लावूच नका, वर सांगितलंच. अन दहा एकर वगैरे विसरा, वारा उलटा असला की पलीकडच्या धुऱ्यावरही धड ऐकू येत नाही.

थोडक्यात काय, माणूस लागतोच. ज्याला वाटते की पैसे टाकले अन आपण घरी चहा प्यायला मोकळे, त्यानं घेऊ नये. बाबा शेवटी मचाणावर बसलेच, मी उशी अन थर्मास नेऊन दिला, सकाळी दोन तास अन उन्हं उतरल्यावर दोन तास, पोपट तेव्हाच येतात. अर्ध्या एकरात खाऊन-सांडून दोन पोती ज्वारी झाली, चांगल्या वर्षी तीन व्हायची.

आवाजाला दोन स्टार, अल्ट्रासॉनिकला शून्य, बॅटरीला तीन कारण कावळ्याची घाण पुसली की ती चालते, कस्टमर केअरच्या पोराला चार. एकूण दोन धरा. मशीन आता गोठ्यात टांगलं आहे, शेरू गोठ्याच्या दारातूनच वळतो. पाइप मात्र वावरातच राहू दिला, लोखंड चांगलं आहे, पावसातही गंज धरला नाही, वर बाबांनी एक आडवी काडी बांधली अन परवापासून त्याच्यावर कोतवाल बसतो. पाइपला पाच स्टार. चौथा बोल्ट खोक्यात येत नाही, १० एमएमचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात भेटतो.